पुण्याचं आणि बिऱ्हाडाचं

"रेसिडेंट या टूरिस्ट?" गेटवरच्या माणसानं विचारलं आणि मी बेधडक "रेसिडेंट" म्हणून मोकळी झाले. कार्ड दाखवायला पर्समध्ये हात घातला, तेव्हा हाताला लागलं ते जर्मनीचं कार्ड. इथलं कार्ड परत करून कितीतरी वर्षं झाली, पण जिभेला अजून कुणी कळवलेलं नाही. मागच्या सीटवरून बाबा घाईघाईनं पुढे वाकले. "टूरिस्ट, भाईसाब, टूरिस्ट. इस बच्ची को मालूम नहीं है." चाळिशी उलटलेल्या बच्चीनं कार्ड पर्समध्ये परत घातलं. गाडी चालवणारा माझा भाऊ मात्र खरोखरचा रेसिडेंट, अबुधाबीला खलिफा सिटीत राहतो. दादानं आपलं कार्ड पुढे केलं आणि आम्हाला पाच नंबरची जागा मिळाली.

जागा म्हणजे रात्रीपुरती मोटारहोम उभी करायची सिमेंटची पट्टी. दिब्बा या किनाऱ्यावरच्या गावाच्या अलीकडे, समुद्रापासून रस्ता ओलांडून आत. प्रत्येक पट्टीला नंबर, विजेचा खांब, पाण्याचा नळ, आणि एका कोपऱ्यात सांडपाणी ओतायचं झाकण. नियमांची पाटी दोन भाषांत. चूल पेटवू नये. दोरी बांधून कपडे वाळत घालू नयेत. खुर्च्या आखलेल्या रेषेबाहेर मांडू नयेत. सकाळी अकराच्या आत जागा मोकळी करावी. बाबांनी ती पाटी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि आपली खुर्ची रेषेच्या चांगली वीतभर आत सरकवली.

या किनाऱ्यावर आमचं घर होतं.

असं म्हटलं की दादा हसतो. त्याची चौदा वर्षांची अन्वी तर खांदे उडवून म्हणाली, "आत्या, इट्स अ पार्किंग लॉट." खरंच आहे तिचं. पण पार्किंग लॉट व्हायच्या आधी जे होतं ते तिला सांगायला माझ्याकडे नुसते वास आणि आवाज आहेत, आणि त्यांचे फोटो निघत नाहीत.

ही सहल दादानं काढली. आईला जाऊन वर्ष झालं. बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे. दादानं त्यांना व्हिजिट व्हिसावर महिनाभर अबुधाबीला आणलं, मी सुट्टी टाकून जर्मनीहून आले, आणि बाबांचा व्हिसा संपायला आला तेव्हा ही पांढरीशुभ्र भाड्याची गाडी घेऊन आम्ही निघालो. तीन रात्री, तीन मुक्काम, आणि तेवढ्यात ठरवायचं, की बाबांनी यापुढे राहायचं कुठे. बाबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पण चार माणसं आपण आलो की गप्प होतात, तेव्हा विषय आपलाच असतो हे म्हाताऱ्या माणसाला कळतं. पहिला मुक्काम वाळवंटातल्या तळ्याकाठी झाला, दुसरा हत्ताच्या डोंगरात. दोन्ही वेळा दादा म्हणाला, "उद्या बोलू, इन्शाल्ला." इथल्या इन्शाल्लाचा आणि आपल्या 'बघू'चा अर्थ एकच. आता उद्या उरला नव्हता.

*

दुबईत आमचं करामा भागातलं घर म्हणजे दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक बेडरूम. दुसरीत केरळचं एक कुटुंब. ओट्याची डावी बाजू आमची, उजवी त्यांची. आमची मोहरी आणि त्यांची मोहरी एकाच वेळी तडतडायची आणि मग खोबरेल तेल विरुद्ध हिंग असा सामना चालायचा. जिन्यात सगळ्या मजल्यांच्या फोडण्यांचा, ओल्या एसीचा आणि झुरळांच्या औषधाचा मिळून एक वास असायचा. तो वास मला आजही कुठे आला तर मी आपोआप शाळेच्या बॅगेचा पट्टा सावरते.

त्या घराच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. भोक दिसलं की मालक डिपॉझिट कापतो. म्हणून कॅलेंडर कपाटाच्या मुठीला, गणपती फ्रिजवर, आरसा टेबलावर भिंतीला टेकवलेला. केस विंचरताना वाकावं लागायचं. "आपण पाहुणे आहोत," बाबा म्हणायचे. "पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." पाहुणा दोन दिवस राहतो, चार दिवस राहतो. आम्ही तिथे जन्मलो, गोवर काढला, दहावी झालो, तरी पाहुणेच.

आणि मग ते 'पुण्याचं'.

दुबईला सेल लागला की बाबा वस्तू आणायचे. मिक्सर, ब्लँकेटं, डिनर सेट, निळ्या काठाचे सहा कप. त्या आल्या तशा खोक्यातच पलंगाखाली जायच्या. खोक्यावर काळ्या मार्करनं लिहिलेलं असायचं: पुणे. पुण्याला फ्लॅट घेतला होता, त्यात कायमचं राहायला जाऊ तेव्हा सगळं नवंकोरं हवं. तोवर आम्ही टवका उडालेल्या ताटल्यांत जेवायचो आणि झाकण धरून चालवावा लागणाऱ्या मिक्सरवर चटणी वाटायचो. "त्याला हात लावू नका, पुण्याचं आहे." पुण्याची चादर. पुण्याचा टॉवेल. एका उन्हाळ्यात पुण्याला गेलो असताना मावशीनं चकलीचा डबा पुढे केला. मी विचारलं, "हे पुण्याचं आहे?" ती कौतुकानं म्हणाली, "हो गं बाई, पुण्याचंच, आपल्या घरचं." मी हात मागे घेतला. सगळे का हसतायत ते मला कळेना. आमच्याकडे पुण्याचं म्हणजे हात न लावायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

मग बिऱ्हाड आलं.

बाबा एका बांधकाम कंपनीत मेंटेनन्स बघायचे. मजुरांना साइटवर नेणारी एक म्हातारी मिनीबस कंपनीनं भंगारात काढली, ती बाबांनी घेतली. इतका जपून चालणारा माणूस हे कसं करून बसला, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी सीटा काढल्या. प्लायवूडचा ओटा केला, दोन बाकं केली, बाकांवर गाद्या टाकल्या. आणि मग इमारतीमागच्या वाळूच्या मैदानात उभं राहून त्यांनी खिळे ठोकायला सुरुवात केली. आई दारात उभी राहून सांगत होती, "इथे एक. इथे अजून एक, पळीला. तो खाली घ्या, झाऱ्याला. आणि इथे मोठा, कॅलेंडरला." बाबा ठोकत होते. तिच्याजवळ टांगायच्या इतक्या वस्तू होत्या हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

नाव आईनंच दिलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणाली, आणि हसली. तेव्हापासून गाडीचं नाव बिऱ्हाड. दसऱ्याला करामातल्या दुकानातून आणलेल्या झेंडूचा हार तिला, चाकापाशी नारळ. "बिऱ्हाडात पेट्रोल आहे ना?" "बिऱ्हाडात जाऊन मीठ आण." केरळची काकूसुद्धा "तुमारा बिरियाड" म्हणायची.

थंडी सुरू झाली की जवळजवळ प्रत्येक गुरुवारी बाबा अर्ध्या दिवसानंतर घरी यायचे आणि आम्ही निघायचो, शुक्रवारी संध्याकाळी परत. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. गाडी सुरू झाली की खिळ्यांना टांगलेल्या पळ्या-झारे एकमेकांवर आपटायला लागायचे. डोंगरातला रस्ता चढताना बिऱ्हाड धापा टाकायचं, एसी बंद करावा लागायचा, खिडक्या उघडल्या की तापलेल्या दगडांचा वास यायचा, आणि मग एका वळणानंतर, समुद्र दिसायच्या बराच आधी, सुकत घातलेल्या मासळीचा भपकारा. किनाऱ्यावर कोळी बारीक मासळी वाळूतच पसरून वाळवायचे. आम्ही नाकं दाबायचो. आई कोकणातली, श्रीवर्धनची. ती खिडकीबाहेर डोकं काढायची आणि दीर्घ श्वास घ्यायची. "या वासाला नावं ठेवाल तर जेवायला देणार नाही," म्हणायची.

पोचल्याबरोबर ती पहिलं काम करायची ते केर काढायचं. वाळूत. बिऱ्हाडाच्या दारापुढची हातभर वाळू ती झाडूनं झाडायची, शंख-काटक्या बाजूला करायची, वरून पाण्याचा सडा मारायची. बाबा म्हणायचे, "अगं, वाळवंटात केर काढतेयस." ती म्हणायची, "दारात केर असला की घर घर वाटत नाही." करामाच्या दाराबाहेर तिनं कधी सडा मारला नाही, तो पॅसेज चार घरांचा होता. मग खोबरं घालून केलेलं कालवण, पावाऐवजी खबूस, त्याला लागलेली एखाददुसरी वाळू दाताखाली कचकन यायची. पहाटे गावातल्या लहान मशिदीची अजान, मागोमाग कोळ्यांच्या जीपचा आवाज. ते जाळं जीपला बांधून ओढायचे. थंडीत शाल गुंडाळून आई पायरीवर बसलेली असायची, एकटीच, समुद्राकडे तोंड करून. तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदा तिनं चहा ओतला तो निळ्या काठाच्या कपांत. बाबा दचकलेच. "अगं, हे पुण्याचे!"

"होते," आई म्हणाली. "आता बिऱ्हाडाचे."

"तडा गेला म्हणजे?"

"जाऊ दे तडा. चहा तर पिऊ."

बाबांनी कप दोन्ही हातांत धरून, जणू कुणी बघेल की काय अशा बेतानं चहा प्यायला. पण प्यायले. मी त्यांना इतकं खुशीत पुन्हा पाहिलं नाही. त्या थंडीत कपांतला एक फुटला, तेव्हा कुणी कुणाला रागावलंसुद्धा नाही.

*

बिऱ्हाड कसं गेलं, त्याची कारणं काढत बसण्यात अर्थ नाही. दहावी आली, बारावी आली, दादा होस्टेलला गेला. गाडी मैदानात उभी राहायला लागली. तिच्यावर धूळ इतकी साचली की पोरांनी बोटांनी नावं लिहिली. मग गाडी हलवा म्हणून म्युनिसिपालिटीचा स्टिकर लागला. एक दिवस कॉलेजमधून परत आले तर तिथे बिनधुळीचा, गाडीएवढा काळसर चौकोन होता आणि दुपारच्या वाऱ्यानं तोही बुजत चालला होता. आईनं वर खिडकीतून पाहिलं. पळ्या-झारे तिनं आधीच वर आणून ठेवले होते. ते टांगायला जागा नव्हती, म्हणून एका खोक्यात घातले. त्या खोक्यावर तिनं काही लिहिलं नाही.

बाबा निवृत्त झाले त्या महिन्यात व्हिसा रद्द झाला. पस्तीसेक वर्षं एका गावात काढली आणि सामान आवरायला मिळाले मोजके दिवस. ऑफिसातल्या माणसानं पासपोर्टवर शिक्का मारून "खलास" म्हटलं, आणि बाबा त्याला थँक्यू म्हणाले. मला या थँक्यूचा अजून राग आहे. या देशाचा राग करून काय उपयोग? त्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून तारीख घालूनच शिक्का दिला होता. राग आहे तो बाबांचा. त्यांनी ती तारीख मनावर छापून घेतली आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यावर लावली.

पुण्याचं सगळं पुण्याला पोचलं. खोकी उघडली. मिक्सरचं रबर चिकट होऊन बोटांना लागलं. ब्लँकेटांना डांबराच्या गोळ्यांचा असा वास की ती पांघरून झोप येईना. डिनर सेट शाबूत होता, पण तेवढ्या ताटल्या मांडायला माणसं कुठून आणायची? दादा अबुधाबीला नोकरीला लागला होता, मी शिकायला म्हणून गेले ती गेलेच. सोफ्यावरचं प्लास्टिक बाबांनी काढू दिलं नाही, आम्ही आलो की काढू म्हणाले. आणि एक दिवस ते नवी ड्रिल मशीन घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. स्वतःच्या मालकीची भिंत. "सांग, कुठे ठोकू?" त्यांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, "राहू दे. आता काय टांगायचंय?"

हे मला बाबांनीच फोनवर सांगितलं, जरा हसत, बायकोचा विक्षिप्तपणा सांगावा तसं. मी फोन ठेवला आणि कामावर गेले. आई पुढे काही वर्षं त्या घरात राहिली. तिनं तिथे कधी तक्रार केली नाही, आणि मला ते तक्रारीपेक्षा वाईट वाटतं. शेवटच्या आजारपणात तिनं एकदाच विचारलं होतं, "तो कोळ्यांचा वास अजून येतो का गं तिथे?" मी म्हटलं, येत असेल. मला काय ठाऊक? मी तेव्हा बर्फ उकरत होते.

येत नाही, आई. काल दुपारी उतरल्या उतरल्या मी नाक वर करून पाहिलं. डिझेलचा आणि ताज्या डांबराचा येतो. रस्त्यापलीकडे कुंपण आहे, कुंपणापलीकडे हॉटेल, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी समुद्र असावा, कारण ओल जाणवते.

*

शेजारच्या चार नंबरवर एक जर्मन नवराबायको होती, सत्तरीची. घर विकून ट्रकमध्ये संसार थाटलेली, देशोदेशी हिंडणारी. त्यांच्या ट्रकवर झेंड्यांचे स्टिकर होते आणि येणारा-जाणारा कौतुकानं फोटो काढत होता. गोऱ्या माणसानं चाकांवर घर केलं की ती जिगर असते. आम्ही केलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, दुबईला राहतात आणि भंगारात झोपतात. त्या म्हाताऱ्यानं बाबांना इंग्रजीत विचारलं, तुम्ही इथे पहिल्यांदाच आलात का? बाबा म्हणाले, "नो, नो. आय वॉज हिअर. फॉर वर्क ओन्ली."

फॉर वर्क ओन्ली. बायको, दोन मुलं, सगळ्या थंड्या, ते निळ्या काठाचे कप, सगळं त्या 'ओन्ली'त घालून त्यांनी झाकण लावलं. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी चहा टाकला.

उन्हं कलल्यावर आम्ही चौघं रेषेच्या आत खुर्च्या मांडून बसलो. दादानं घसा साफ केला. "बाबा, आम्ही दोघांनी जरा विचार केलाय."

"हो, करा ना," बाबा म्हणाले.

"तुम्ही तिकडे एकटे, आम्हाला टेन्शन. तर असं करू. व्हिजिटवर दोन-तीन महिने माझ्याकडे. मग हिच्याकडे तीन महिने, तिकडे तेवढाच व्हिसा मिळतो. मधे मधे मावशीकडे, पुण्याची हवा होईल. आणि फ्लॅट विकून टाकू. बंद घर म्हणजे नुसता डोक्याला ताप. काय?"

"नेट प्लॅन, आजोबा," अन्वी म्हणाली. "यू विल बी लाइक अ ट्रॅव्हलर."

दादानं ते ठरवलं होतं हे खरं, पण मी हो म्हटलं होतं. माझ्या घरात दोन खोल्या आहेत, त्यातली एक माझ्या कामाची. दादाच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत ट्रेडमिल आहे. त्याला बायकोला विचारावं लागतं. आम्ही वाईट मुलं नाही आहोत. आम्ही बाबांनी घडवलेली मुलं आहोत, कुणाला किती दिवस ठेवायचं याचा हिशेब आम्हाला जन्मापासून पाठ आहे.

मला मनातून वाटत होतं, आता तरी बाबांनी नाही म्हणावं. आयुष्यात एकदा. म्हणावं की मी कुणाकडे जाणार नाही, माझं घर विकू नका, किंवा म्हणावं की मला तुझ्याकडे कायमचं यायचंय, काढ ती ट्रेडमिल. भांडावं. मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते. निदान मला तसं वाटत होतं.

बाबांनी चहाचा कप पायाशी ठेवला. "चालेल," ते म्हणाले. "उत्तम आहे. मला फिरतीची सवय आहेच." मग चष्मा काढून, सदऱ्याच्या टोकानं पुसत त्यांनी विचारलं, "फक्त एक सांगून ठेवा. मी तुमच्याकडे आलो, म्हणजे दात घासायचा ब्रश कुठे ठेवायचा? तुमच्या ब्रशांबरोबर बेसिनवर ठेवला तर चालेल, की बॅगेतच असू दे? हा महिनाभर मी बॅगेतच ठेवत होतो, कुणाला अडचण नको."

"काय हो बाबा, हे काय विचारणं झालं?" दादा म्हणाला. तो उठला आणि विजेची केबल नीट बसली आहे का ते बघायला गाडीमागे गेला. अन्वीनं मान खाली घालून फोन उघडला. मी कप गोळा केले आणि नळाखाली धरले, बराच वेळ.

बाबा चष्मा हातात धरून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी खरोखरच विचारलं होतं, त्यांना उत्तर हवं होतं.